विचारा तर खरं : खाऱ्या रानातलं तेल

या खेपेला पत्रांत तेलच तेल आहे. तेलगिरणीच्या प्रयोगशाळेत केस पांढरे केलेल्या बाईला सदर चालवायला दिलं की हे व्हायचंच. चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यात पैसे अडकलेत.

प्रश्न : काकू, आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहतो, पण सासऱ्यांची जमीन पादऱ्याच्या पुढे, जंबुसरकडे आहे. भाचा वाट्याने करतो. यंदा कापसाऐवजी एरंडा लावला. कालव्याचं पाणी वेळेवर मिळालं नाही तेव्हा बोअरचं दिलं. ते मचूळ आहे. तपासलं तर ईसी (खारेपणाचं माप) ५.२ आला. गेल्या वर्षी तेल ४८ टक्के निघालं होतं, यंदा शेवटच्या वेचणीचं ४३. व्यापाऱ्याने भाव तोडला आणि वर ऐकवलं, की खाऱ्या जमिनीच्या दिवेलात (एरंडेलात) दमच नसतो. तेल खरंच खराब होतं, की आम्हाला गुंडाळलं?
— एक भगिनी, कारेलीबाग

उत्तर : व्यापाऱ्याने एका दमात दोन आरोप केलेत. तेल कमी भरलं हा एक, आणि तेल हलकं निघालं हा दुसरा. पहिला बहुधा खरा आहे. दुसरा त्याने सिद्ध करून दाखवावा. तो कसा करायचा ते पुढे सांगते.

आधी कमी का भरलं ते पाहू. एरंडाच्या बीत तेल असतं ते आतल्या गरात. वरच्या टणक, चितकबऱ्या सालीत जवळजवळ काही नसतं. प्रयोगशाळा मात्र टक्के काढते ते साल धरून, अख्ख्या बीवर. चांगल्या पोसलेल्या बीत समजा साल २५ टक्के, गर ७५ टक्के आणि गरात तेल ६४ टक्के. गुणाकार करा, ४८ येतात. हा झाला तुमचा गेल्या वर्षीचा आकडा. आता, बीची साल आधी तयार होते आणि गर मागाहून भरत जातो. मधेच झाडाची ओढाताण झाली तर साल पूर्ण वाढलेली आणि गर अर्धामुर्धा, अशी बी हाती येते. साल ३३ आणि गर ६७ टक्के धरा. गरातलं तेल पूर्वीइतकंच, ६४ टक्के राहू द्या. तरी अख्ख्या बीचा आकडा ४२.९ वर उतरतो. म्हणजे गराच्या रसायनात काडीचा फरक न पडता तुमचे पाच टक्के गेले! प्रत्यक्षात गरातलं तेलही थोडं घटतं, पण घटीचा मोठा वाटा साल आणि गर यांच्या प्रमाणाचा असू शकतो. हे ताडायला यंत्र लागत नाही. पहिल्या वेचणीच्या शंभर बिया आणि शेवटच्या वेचणीच्या शंभर बिया सोनाराकडे तोलून घ्या, मग दोन्हीकडच्या थोड्या फोडून गर आणि साल वेगवेगळी तोला. घरचा एक तास जाईल.

गर का भरला नाही? बीला पानांकडून तेल येत नाही, साखर येते. त्या साखरेचं तेल बी स्वतः करते, आणि हा महाग कारभार आहे. एक ग्रॅम स्टार्च करायला झाडाला साधारण सव्वा ग्रॅम साखर पुरते, एक ग्रॅम तेलाला तीन ग्रॅम लागते. मुळांभोवती मीठ वाढलं की झाडाला पाणी ओढणं जड जातं, पानांची रंध्रं मिटतात, साखर कमी तयार होते. पुढे काही आठवड्यांनी सोडियम आणि क्लोराइड जुन्या पानांत साठतात, कडा करपतात, पानं गळतात. साखरेची आवक अशी दोनदा तुटते. तेलबिया या टंचाईत गव्हा-ज्वारीपेक्षा जास्त होरपळतात त्याचं एक कारण हा तीन ग्रॅमचा हिशेब.

तुमच्या पत्रात ‘शेवटच्या वेचणीचं’ हे जे लिहिलंय ना, तिथे सगळी मेख आहे. एरंडाला एकदम फळ येत नाही. आधी मधली मुख्य माळ, मग फांद्यांच्या माळा, मग त्यांच्या फांद्यांच्या. वेचण्या महिनोन्‌महिने चालतात. पावसाने जमीन धुऊन निघालेली असते तेव्हा पहिली माळ धरते. दिवाळीनंतर वरची जमीन सुकते, खालचं खारं पाणी काळ्या मातीतून वर चढतं, आणि पाणी उडून गेलं की मीठ वर राहतं. त्यात तुम्ही बोअरचं दिलंत. म्हणजे पहिल्या माळेच्या बिया बऱ्यापैकी गोड्या जमिनीत भरल्या आणि शेवटच्या माळेच्या खाऱ्यात. दोन्ही एकाच पोत्यात मिसळून विकल्या तर चांगल्याचाही भाव वाईटाबरोबर जातो. पुढच्या वर्षी वेचण्या वेगळ्या ठेवा, नमुने वेगळे द्या. भाच्याला हे कटकटीचं वाटेल. वाटू द्या.

आता ‘दम’. एरंडेल हे इतर तेलांहून वेगळं, कारण त्यात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल नावाचं मेदाम्ल असतं. दाटपणा, अल्कोहोलमध्ये विरघळणं, कारखान्यांची मागणी हे सगळं त्याच्यामुळे. बीत आधी ओलिइक आम्ल बनतं आणि एक विकर त्याला हायड्रॉक्सिल गट जोडून रिसिनोलिक करतं. कोवळ्या बीत हे काम जेमतेम सुरू झालेलं असतं. तिच्या तेलात लिनोलिइक, पामिटिक या दुसऱ्या मेदाम्लांचा वाटा बराच असतो. बी जून होत जाते तसा रिसिनोलिकचा वाटा चढतो. म्हणून खाऱ्या जमिनीने बी अवेळी वाळवली असेल, तर तिच्या तेलाची घडण कोवळ्या बीच्या बाजूला थोडी झुकू शकते. पण ज्या बिया छोट्या का होईना, पूर्ण जून झाल्या, त्यांचं तेल एरंडेलच असतं. व्यापाऱ्याला विचारा, तेलाची हायड्रॉक्सिल व्हॅल्यू, म्हणजे त्या हायड्रॉक्सिल गटांचं माप, किती आली? चांगल्या एरंडेलाची १६० च्या वर असते. ती ठीक असेल तर दमबिम काही कमी नाही, तेल फक्त कमी आहे, आणि कमी तेलाचे पैसे टक्क्यांत एकदा कापून झालेच आहेत. ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे तेलातल्या सुट्या आम्लांचं माप, तीही विचारा. ती वाढली असेल तर दोष बहुतेक ओल्या किंवा फुटक्या बियांचा आणि साठवणीचा. मिठाच्या नावावर तो खपवू देऊ नका.

जमिनीचं म्हणाल तर नुसत्या ईसीवर थांबू नका. मातीचा ईसी ४ च्या वर गेला की तिला खारवट म्हणतात. पण सोडियमचा वाटा, म्हणजे ईएसपी, १५ च्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल तर ती चोपण. चोपणीला जिप्सम लागतं. खारवटीला निचरा आणि गोडं पाणी लागतं. तिथे जिप्समची पोती ओतून पैसे वाया जातात. तुमच्या पट्ट्यासाठी भरूचला केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, भाच्याला तिथे पाठवा. कालव्याचं पाणी थोडंच मिळणार असेल तर ते रोप लहान असताना आणि मुख्य माळ भरत असताना द्या. बोअरचं मधल्या पाळ्यांना. हे उलटं झालं की काय होतं ते यंदा पाहिलंतच.

प्रश्न : यजमानांना रक्तदाबामुळे मीठ कमी सांगितलंय. आमच्याकडे सिंगतेल (शेंगदाण्याचं तेल) घाणीवर काढून आणतो. दाणे सौराष्ट्रात किनाऱ्याकडच्या नातेवाइकांच्या शेतातले. तिथली विहीर खारी झाली आहे. त्या तेलात मीठ उतरतं का? शिवाय यंदाचं तेल दोन महिन्यांत खवट झालं, ते त्यामुळेच ना?
— रावपुरा

उत्तर : मीठ उतरत नाही. मीठ तेलात विरघळतच नाही. खात्री करायची तर वाटीभर तेलात चिमूटभर मीठ घालून हलवा आणि उद्या सकाळी बघा, तळाशी तसंच बसलेलं असेल. झाडसुद्धा सोडियम शक्यतो मुळांत आणि जुन्या पानांत अडकवतं, बीपर्यंत फार कमी पोहोचू देतं. जे पोहोचतं ते पेंडीत राहतं. यजमानांच्या पथ्याचा हिशेब तेलाच्या डब्यात नाही, लोणच्याच्या बरणीत आणि सेवउसळीवरच्या मूठभर शेवेत आहे.

खवटपणाचं मात्र थोडं नातं आहे, पण वळसा घेऊन. भुईमूग खाराच्या बाबतीत नाजूक. मातीचा ईसी ३.२ ओलांडला की उत्पन्न घसरायला लागतं आणि पुढच्या प्रत्येक एककाला २९ टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे ५ ला निम्मं पीक गेलं. कापूस तेच ७.७ पर्यंत निभावतो. शिवाय भुईमुगाची आणखी एक अडचण आहे. आऱ्या, म्हणजे फुलानंतर खाली वाढणारे देठ, जमिनीत शिरल्यावर शेंगेला लागणारं कॅल्शियम मुळांकडून जवळजवळ येत नाही. शेंग ते सालीतून, थेट भोवतालच्या मातीतून घेते. मातीत सोडियम माजला की कॅल्शियमची वाट अडते आणि शेंगा पोकळ राहतात किंवा दाणा सुरकुततो. आऱ्या सुटताना हेक्टरी ५०० किलोच्या आसपास जिप्सम देतात ते या कॅल्शियमसाठी.

असा सुरकुतलेला, कोवळा दाणा घाणीत गेला की त्याच्या तेलात ओलिइक कमी, लिनोलिइक जास्त आणि सुटी आम्लंही जास्त असतात. लिनोलिइक हवेशी लवकर भांडतं, म्हणून ते तेल लवकर खवट होतं. तेव्हा घाणीवर नेण्याआधी सुरकुतलेले दाणे निवडून काढा. ते चटणीला वापरा, दोन दिवसांत संपतील. आणि तेल पारदर्शक बरणीत खिडकीत ठेवत असाल तर आधी ती खिडकी दोषी, मग विहीर. सौराष्ट्रातल्या मंडळींना गिरनार-४ किंवा गिरनार-५ या जातींबद्दल विचारायला सांगा. जुनागढच्या भुईमूग संशोधन केंद्रातून आलेल्या या जातींच्या तेलात ओलिइक ८० टक्क्यांच्या आसपास असतं, तेल बरंच टिकतं. खारी विहीर मात्र त्यांनाही आवडणार नाही.

प्रश्न : मॅडम, मी एम. एस. युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करते. क्षारताणाखाली, म्हणजे मिठाच्या ताणाखाली, बीत तेल कसं बदलतं यावर प्रकल्प आहे. वाचायला बसले तर डोकं फिरलं. एका पेपरात ओलिइक वाढतं, दुसऱ्यात कमी होतं, तिसऱ्यात फरकच नाही. विश्वास कशावर ठेवू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तिन्हींवर ठेव. तिघांनी वेगवेगळं मोजलंय.

मूळ मार्ग तुला ठाऊक आहे: प्लास्टिडमध्ये, म्हणजे पेशीतल्या एका कप्प्यात, पामिटिक, स्टिअरिक, ओलिइकपर्यंत साखळी बनते, बाहेर आल्यावर फॅड-२ हे विकर ओलिइकचं लिनोलिइक करतं, फॅड-३ त्याचं लिनोलेनिक. मोहरीत तिसरी वाट फुटते, ओलिइकची साखळी लांबवून इरुसिक होतं. ओलिइक म्हणजे चौकातलं आम्ल. पुढच्या वाटा मंदावल्या की ते चौकात तुंबतं आणि टक्केवारीत ‘वाढलेलं’ दिसतं. इटलीत उच्च-ओलिइक सूर्यफुलाच्या एका संकरित जातीवर खारं पाणी देऊन केलेलं काम २००४ मध्ये आलं, त्यात हेच दिसलं. पाण्याचा खारेपणा वाढत गेला तसं ओलिइक चढलं, लिनोलिइक उतरलं. पण हा निकाल उचलून भुईमुगाला लावशील तर फसशील. तिथे दाणा अवेळी थांबला तर तो कोवळाच राहतो, आणि कोवळ्या दाण्यात ओलिइक मुळातच कमी. दिशा उलटी. मोहरीत तेल भरण्याच्या मधल्या टप्प्यात इरुसिक झपाट्याने वाढतं. त्या टप्प्यावर बी थांबली तर इरुसिक कमी भरेल आणि तुझ्या तक्त्यात बाकीची सगळी आम्लं आपोआप फुगलेली दिसतील.

म्हणून माझा पहिला आग्रह: टक्केवारीवर थांबू नकोस, एका बीमागे मिलिग्रॅम काढ. मनातले आकडे घेऊन बघ. साध्या पाण्याच्या झाडावर दाण्यात २०० मिलिग्रॅम तेल, त्यात ४५ टक्के ओलिइक म्हणजे ९० मिलिग्रॅम, आणि ३५ टक्के लिनोलिइक म्हणजे ७०. खाऱ्या पाण्याच्या झाडावर तेल १४० मिलिग्रॅम, ओलिइक ५० टक्के, लिनोलिइक ३०. टक्क्यांत ओलिइक वाढलं की नाही? मिलिग्रॅममध्ये ते ७० आहे. वीस मिलिग्रॅमने घटलं. लिनोलिइक ७० वरून ४२ वर आलं, जास्त घटलं, एवढंच. ‘क्षारताणाने ओलिइकची निर्मिती वाढते’ असं वाक्य या आकड्यांवर लिहिणारे महाभाग असतात, आणि परीक्षक दमलेला असला तर ते खपूनही जातं.

दुसरं, फुलांना तारखेच्या चिठ्ठ्या बांध. क्षारताणातलं झाड लवकर पिकतं. तू दोन्हीकडच्या ‘पिकलेल्या’ बिया घेतल्यास, तर एक फुलल्यापासून कमी दिवसांची आणि दुसरी जास्त दिवसांची असेल. मग तू मिठाचा परिणाम मोजतेस की वयाचा? फुलल्यापासून समान दिवसांच्या बियांची एक मालिका घे आणि पूर्ण पक्व बियांची दुसरी. दोन्हींत जो फरक उरेल तो मिठाच्या खात्यावर जास्त निश्चिंतपणे लिहिता येईल. कामाचं ओझं दुप्पट होईल, हे खरं.

तिसरं ऊन. सूर्यफुलात बी भरताना हवा गरम असेल तर ओलिइक वाढतं, गार असेल तर लिनोलिइक, हे जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे. मिटलेल्या रंध्रांचं झाड घाम गाळू शकत नाही, त्याचं अंग आसपासच्या झाडांपेक्षा गरम राहतं. त्यात फुलण्याची तारीख मागेपुढे झाली तर बी वेगळ्याच हवामानात भरते. आपल्याकडे फेब्रुवारीचे पंधरा दिवस इकडेतिकडे झाले तरी तापमान केवढं बदलतं, तुला माहीत आहे. कुंड्यांशेजारी तापमान नोंदणारं साधं यंत्र ठेव. ते न ठेवता केलेल्या कामावर मी तरी फारसा विश्वास टाकणार नाही.

राहिलं मीठ. कुंडीत शुद्ध सोडियम क्लोराइड ओतणं सोपं, पण जंबुसरच्या शेतात क्लोराइडबरोबर सल्फेट असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं. कुंडीचा निकाल शेताला लावताना शब्द जपून वापर. आणि एस्टर करून गॅस क्रोमॅटोग्राफवर (आम्लं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) घालण्याआधी ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवणीचं तेल, वेगळं करून घेतलंस तर फार बरं. तेल घटलेल्या बीत पेशींच्या पडद्यांच्या लिपिडांचा वाटा तुलनेने वाढतो, त्यांची आम्लं निराळी असतात, आणि सगळं एकत्र एस्टर केलंस की साठवणीच्या तेलाचं चित्र गढूळ होतं.

प्रश्न : नोकरीतून निवृत्त आहे, वाचनाचा नाद आहे. समुद्राच्या पाण्यावर वाढणारी तेलबी असते असं वाचलं. खरं का? असल्यास गच्चीवर लावावी म्हणतो.
— दांडिया बाजार

उत्तर : खरं आहे. सॅलिकॉर्निया नावाची बिनपानांची, मांसल कांड्यांची वनस्पती आहे. तिच्या एका अमेरिकी जातीला मेक्सिकोच्या किनाऱ्यावर थेट समुद्राचं पाणी देऊन पिकवलं, त्याचा अहवाल १९९१ साली ‘सायन्स’मध्ये आला. बीत तेल २६ ते ३३ टक्के, आणि त्यात लिनोलिइक जवळपास तीन चतुर्थांश. म्हणजे करडईच्या तेलाचा जुळा भाऊ. मला यातली गंमत वाटते ती अशी, की आयुष्यभर समुद्र पिऊनही तिचं तेल काही विचित्र निघत नाही. मिठाची सवय असलेल्या झाडाचं तेल त्याच्या जातीप्रमाणे राहतं, सवय नसलेल्याची घडी विस्कटते. वरच्या विद्यार्थिनीने हेही वाचावं. आपल्या किनाऱ्यावर सॅलिकॉर्नियाची देशी जात आहे, तिच्यावर भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत काम झालंय.

भरूच जिल्ह्यातल्या ‘बारा’ नावाच्या पट्ट्यात, जिथे दुसरं काही धड येत नाही तिथे, पीलू तग धरतो. दातणाचा तोच पीलू. त्याच्या बीतलं तेल मात्र लॉरिक आणि मिरिस्टिक आम्लांचं, खोबरेलाच्या गोत्रातलं. साबणाच्या कामाचं, खाण्याचं नव्हे. खायचं तेल आणि बेताचा खार असं दोन्ही जमवायचं असेल तर कर्नालच्या मृदा लवणता संस्थेने काढलेल्या मोहरीच्या सीएस-५४, सीएस-५६, सीएस-५८ अशा जाती आहेत.

गच्चीचं एवढंच सांगते, की सॅलिकॉर्नियाला मिठाचं पाणी घालत राहावं लागेल. ते झिरपून स्लॅबमध्ये गेलं की क्लोराइडने आतल्या सळया गंजतात, आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. कुंड्यांत तीळ लावा.